हॉलमधला शांत कॉम्प्युटर, नागपूरच्या मे महिन्यासकट

ताई, टीव्हीला जोडायला आवाज न करणारा कॉम्प्युटर कसा घ्यावा, या तुमच्या प्रश्नातला जो भाग मला महत्त्वाचा वाटला तो आधी मांडतो. मानेवाड्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, डोक्यावर थेट गच्ची. हॉल १५ बाय ११ फुटांचा, ५५ इंची टीव्ही आणि सोफ्यात नऊ-दहा फुटांचं अंतर. टीव्हीखाली सुताराने करून दिलेलं युनिट, त्याला काचेची दारं. लागूनच्या खोलीत सासरे झोपतात आणि दार उघडंच असतं. बर्डीतल्या दुकानदाराने काचेचा कॅबिनेट, दिवे लागणारे तीन पंखे, वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि ६५० वॅटचा पॉवर सप्लाय असं कोटेशन दिलंय. तुमचे यजमान म्हणतात, पंखाच नसलेला ॲल्युमिनियमचा डबा घेऊ, आवाजाचा प्रश्नच मिटेल. शिवाय वडिलांनी जमवलेलं नाट्यसंगीत आणि घरातल्या लग्नांचे व्हिडिओ असलेली ४ टीबीची हार्डडिस्क आहे, ती कुठे ठेवायची हेही तुम्ही विचारलंय.

माझं मत दोघांपेक्षाही वेगळं आहे. तीन पंखे नकोत आणि बिनपंख्याचा डबाही नको. एकच मोठा पंखा घ्या आणि तो हळू फिरवा. नागपुरात अठरा वर्षं मशीन जोडतोय आणि दुरुस्त करतोय, आणि दरवर्षी उन्हाळ्याने माझं हे मत आणखी पक्कं केलंय.

शांत मशीनबद्दलचं बहुतेक लिखाण जिथून येतं तिथे चाचणीची खोली २२ ते २५ अंशांची असते. आपल्याकडे मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला होता, आणि ४४-४५ तर नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, बहुतेक वर्षी असतात. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती ऊब रात्री अकरापर्यंत खाली सोडत राहतो. प्रोसेसर घ्या किंवा डिस्क, तिचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान आणि वर काही अंश. खोली पंधरा अंशांनी तापली की आतलं सगळंच साधारण तितकं वर सरकतं. बिनपंख्याच्या डब्याकडे त्यावर काहीच उपाय नसतो. त्याचे पत्रे तापतात, आतली हवा कोंडते आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो.

पण याच उन्हाळ्यात एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे, आणि ती मला बऱ्याच उशिरा उमगली. घरात सगळ्यात जास्त उकाडा असतो तेव्हा कूलर चालू असतो. तो चालू असताना मशीनचा पंखा मिनिटाला हजार फेऱ्यांनी फिरला तरी कुणाला पत्ता लागत नाही. खरी शांतता लागते ती डिसेंबर-जानेवारीच्या रात्री. खिडक्या बंद, छताचा पंखा बंद, शेजारी सामसूम. त्या वेळी खोली सोळा-सतरा अंशांवर असते आणि मशीनला वाऱ्याची गरज जवळजवळ नसतेच. म्हणजे उकाडा आणि शांतता या दोन मागण्या आपल्याकडे एकाच वेळी येत नाहीत. जो पंखा थंडीत साडेचारशे-पाचशे फेऱ्यांवर राहील आणि मे महिन्यात स्वतःहून वर जाईल, त्याने दोन्ही ऋतू निभतात. अवघड दिवस फक्त मार्चअखेरचे आणि ऑक्टोबर हीटचे. तेव्हा कूलर निघालेला नसतो किंवा आत गेलेला असतो, आणि खोली तेहतीसवर असते. मशीनची निवड आणि मापं मी या दिवसांकडे बघूनच करतो.

एक जुना अनुभव सांगतो. प्रतापनगरातल्या एका घरी मी स्वतः बिनपंख्याचं मशीन बसवून दिलं होतं. बसवलं जानेवारीत, आणि घरचे फार खूश होते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात काकांचा फोन आला, ‘भाऊ, सिनेमा अटकून अटकून चालून राहिला.’ गेलो. डब्याच्या वरच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि लगेच उचलावा लागला. आतली डिस्क ६१ अंशांवर होती. बहुतेक हार्डडिस्कची मर्यादा ६० अंशांची असते. मी वरचा पत्रा काढला, १२० मिलिमीटरचा एक पंखा नुसता आडवा ठेवला आणि हळू फिरावा म्हणून पाच व्होल्टवर जोडला. दहा मिनिटांत डिस्क ४८ वर आली. काकांनी सोफ्यावरून विचारलं, ‘लावला का पंखा?’ तो तेव्हा फिरतच होता.

हे का होतं त्यामागे हिशेब आहे. पंख्याच्या फेऱ्या निम्म्या केल्या की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. कानाला १० डेसिबलचा उतार म्हणजे आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणून वेग कमी करण्यात जो फायदा आहे तो दुसऱ्या कशातच नाही. व्यासाचा फायदा तर आणखी मोठा. पंख्याची घडण तीच ठेवून व्यास तिप्पट केला तर तेवढ्याच फेऱ्यांना हवा सत्तावीस पट मिळते. ४० मिलिमीटरचा चिमुकला पंखा पाच हजार फेऱ्या मारून जे करतो, ते १२० मिलिमीटरचा पंखा दोनशेच्या आसपास करू शकतो. शिवाय लहान पंख्याचा आवाज बारीक, डासासारखा असतो, आणि तो शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसालाही टोचतो. मोठ्या पंख्याचा आवाज वाऱ्यासारखा, भिंतीपलीकडे विरून जाणारा.

शांतता हवी कशाला, हेही सांगायला हवं, कारण घरात यावरून वाद होतात. ‘टीव्ही चालू असताना कॉम्प्युटरचा आवाज कोण ऐकतं?’ असं म्हणणारे भेटतात. होतं असं की मशीनच्या घरघरीत हळू बोललेले संवाद बुडतात, म्हणून आपण आवाज वाढवतो. मग मारामारी आली की तोच आवाज घरभर घुमतो आणि सासरे जागे होतात. खोलीचा मूळ गोंगाट खाली आणला की संवाद कमी आवाजातही कळतात आणि रिमोट सारखा हातात धरावा लागत नाही.

आता सामान. दुकानदाराचं ग्राफिक्स कार्ड पहिल्यांदा यादीतून काढा. गेम खेळायचे नसतील तर ते फक्त उष्णता आणि दोन-तीन पंखे घरात आणतं. व्हिडिओ उलगडण्याचं काम आजच्या प्रोसेसरच्या पोटातच एक वेगळा भाग करतो, आणि त्या वेळी मुख्य प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला असतो. बघायचं एवढंच की व्हिडिओ दाबून साठवण्याचे आजचे सगळे प्रकार त्या भागाला येतात का. त्यातले १०-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ इंटेलच्या प्रोसेसरना सातव्या पिढीपासून येतात, एव्ही१ अकराव्या पिढीपासून. एएमडीचा रायझन ५६००जी दुकानात स्वस्त म्हणून पुढे केला जातो, आणि इतर कामांना तो चांगला आहे, पण त्याला एव्ही१ येत नाही. यूट्यूब बरंचसं एव्ही१ वर गेलेलं असताना हा प्रोसेसर तुमच्यासाठी मी घेणार नाही.

माझी निवड इंटेलचा आय३-१२१००. मागे एफ अक्षर नसलेला घ्या, एफवाल्यात चित्र काढणारा भागच नसतो. चार कोअर तुम्हाला पुरून उरतात. याची मूळ मर्यादा ६० वॅट आणि जोरात ८९ वॅट. बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन या दोन्ही मर्यादा खाली आणायच्या. मी दीर्घ मर्यादा २५ वॅट आणि क्षणिक मर्यादा ३५ वॅट ठेवतो. सिनेमा बघताना काडीचा फरक पडत नाही. एखादं अपडेट मागे चालू झालं किंवा ब्राउझरने जोर काढला तरी प्रोसेसर एकदम तापत नाही, त्यामुळे पंखाही उसळत नाही. सगळ्या कामात ही दोन मिनिटांची सेटिंग मला सर्वांत मोलाची वाटते, आणि दुकानातून आलेल्या मशीनवर ती केलेली मी क्वचितच पाहिलीय.

बजेट खरंच ताणलेलं असेल तर इंटेल एन१०० वाला तळहाताएवढा मिनी पीसी मिळतो. त्याची मर्यादा ६ वॅटची आहे आणि त्याला एव्ही१ सुद्धा येतं. अडचण एकच, आतला इवलासा पंखा. जानेवारीत ऐकू येत नाही, एप्रिलमध्ये शिट्टी वाजवतो. तो घेतलात तर वरचं झाकण उघडं ठेवून १२० मिलिमीटरचा यूएसबीवर चालणारा पंखा त्यावर आडवा ठेवायची तयारी ठेवा. दिसायला शोभत नाही, पण काम होतं. रास्पबेरी पाय ५ हा एका बोर्डाचा छोटा कॉम्प्युटरही काही जण सुचवतील. त्याला एचईव्हीसी नीट येतं, एव्ही१ नाही. तुमच्या घरासाठी तो नको.

प्रोसेसरवर कंपनीचा डब्यातला पंखा लावू नका. कॅबिनेट आडवा, सीडी प्लेअरसारखा घेतलात तर उंचीची अडचण येते, तिथे प्रोसेसर थंड ठेवणारा नॉक्टुआ कंपनीचा एनएच-एल१२एस हा संच बसतो. पंख्यासकट उंची ७० मिलिमीटर आणि पंखा १२० चा. त्याच कंपनीचा एल९आय अवघा ३७ मिलिमीटर उंच आहे, पण त्याचा पंखा ९२ चा आणि पातळ, आणि आपल्या उन्हाळ्यात तो लवकर धापा टाकतो. म्हणून कॅबिनेट घेण्याआधी सुताराच्या युनिटमधली आतली उंची टेपने मोजा आणि आत ७० मिलिमीटर जागा देणारा कॅबिनेटच निवडा. समोर काच असलेला कॅबिनेट नको, जाळी असलेला हवा. पंखे चार पिनांचे घ्या. तीन पिनांचा पंखा व्होल्टेज कमी करून हळू करता येतो, पण एका मर्यादेखाली तो अडखळतो आणि टिकटिक सुरू होते.

पॉवर सप्लायच्या वॅटकडे नका बघू. मर्यादा लावल्यावर तुमचं अख्खं मशीन सिनेमा चालू असताना वीस-पंचवीस वॅटच्या आसपास घेईल. कमी भारावर पंखा पूर्ण बंद ठेवणारा चांगल्या कंपनीचा सप्लाय घ्या, मग तो ४५० चा असो की ५५० चा. आतले कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत का ते पाहा. कपॅसिटर दहा अंश जास्त तापला की त्याचं आयुष्य अर्ध्यावर येतं, आणि आपल्याकडे या दहा अंशांवरच सप्लायचं जगणं-मरणं ठरतं. दुकानात सप्लाय चालू करून कान जवळ नेऊन ऐका. काहींमधून रातकिड्यासारखा बारीक किर्र आवाज येतो. तो पंख्याचा नसून आतल्या कॉइलचा असतो, आणि नंतर कशानेही जात नाही.

यानंतर सुतार. तुमच्या घरात शांततेचा निम्मा प्रश्न त्या काचेच्या दारांत अडकलाय. बंद युनिटमध्ये मशीन स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतं. त्या कप्प्यात मशीनच्या मागे, वरच्या कोपऱ्यात, १२० मिलिमीटरची दोन भोकं पाडून घ्या आणि समोर खालच्या बाजूला दोन इंचांची आडवी फट. गरम हवा वर जाते, म्हणून आत येण्याची वाट खाली आणि बाहेर पडायची वाट वर. युनिट भिंतीला चिकटवून बसवलं असेल तर मागच्या भोकांचा उपयोग नाही, किमान अडीच इंच पुढे घ्यावं लागेल. काचेचं दार काढून तिथे वेताच्या जाळीचं दार लावलं तर हवाही खेळते, रिमोटचा किरणही आत जातो आणि हॉलची शोभाही राहते. त्रिमूर्तीनगरातल्या एका ताईंनी जुन्या खुर्चीचा वेत विणणाऱ्या कारागिराकडून असं दार करून घेतलं. ते पाहिल्यापासून मी सगळ्यांना हेच सुचवतो.

भोकं पुरेशी आहेत की नाही, याची परीक्षा सोपी. साधा डिजिटल थर्मामीटर कप्प्यात ठेवा, दार लावून दोन तास सिनेमा चालवा. आतलं तापमान हॉलपेक्षा पाच अंशांहून जास्त चढलं तर आणखी वाट मोकळी करावी लागेल. सॉफ्टवेअरवर दिसणाऱ्या आकड्यांवर डोळे झाकून विसंबू नका. मदरबोर्डवर न जोडलेला सेन्सर कधी कधी १२७ अंश दाखवतो आणि माणूस घाबरतो. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले होते, आणि नंतर सेन्सरचा बिघाड असल्याचं हवामान खात्यानेच सांगितलं. स्वस्तातला का होईना, वेगळा थर्मामीटर जवळ असावा.

कूलर कुठे आहे तेही बघा. त्याचा झोत थेट युनिटवर येत असेल तर मशीनची जागा बदला. थंड हवा मिळते म्हणून लोक मुद्दाम समोर ठेवतात. ती हवा ओली असते, आणि बोअरचं पाणी कूलरमध्ये वापरत असाल तर त्यातले क्षारही तुषारांबरोबर येतात. एका मशीनमध्ये मदरबोर्डवर मी पांढरी भुकटी बघितलीय, अगदी कूलरच्या वाळलेल्या ताटीवर धरते तशी. रॅमच्या खोबणीत ती शिरली होती आणि मशीन आठवड्यातून दोनदा आपोआप बंद पडायचं. बाजूने वारा जाऊ द्या, अंगावर नको. हवा आत ओढणाऱ्या जागेवर नायलॉनची बारीक जाळी लावा आणि उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी झटका. धूळ साचलेल्या जाळीतून तेवढीच हवा ओढायला पंख्याला जोरात फिरावं लागतं. ‘आधी शांत होतं, आता आवाज करून राहिलं’ अशी तक्रार आली की मी आधी जाळी बघतो.

आवाज अडवायला कॅबिनेटमध्ये स्पंज चिकटवायचा सल्ला मिळेल. नको. आपल्याकडे तो आधी उष्णता अडवतो. त्यापेक्षा हॉलमध्ये टाइल्सवर जाड सतरंजी आणि खिडकीला जड पडदे लावा. उघड्या फरशीवरून आणि भिंतींवरून आपटणारा आवाज त्याने कमी होतो आणि संवादही स्पष्ट येतात.

सगळं जोडून झालं की एक रात्र मोकळी ठेवा. घर झोपल्यावर, साडेअकरानंतर, छताचा पंखा बंद करून बसा. पंख्याचा वेग तापमानानुसार ठरवणारा आलेख बायोसमध्ये असतो. मुळात तो फार उतावळा असतो, प्रोसेसर पाच अंश चढला की पंखा लगेच उसळतो, दोन सेकंदांनी खाली येतो. एकसुरी आवाजाला कान सरावतो, चढउताराला सरावत नाही. म्हणून मी ६० अंशांपर्यंत रेघ अगदी सपाट ठेवतो, ४५० ते ५०० फेऱ्या. ६० ते ७५ मध्ये हळूहळू ८०० पर्यंत. ८० च्या पुढे पूर्ण जोर. वेग बदलायला किती वेळ थांबायचं हेही बायोसमध्ये बहुधा ठरवता येतं, ते जास्तीत जास्त ठेवा. काही पंखे एखाद्या ठरावीक वेगाला पत्र्याशी सूर जुळवतात आणि घूं करतात, समजा ६२० ला. तेव्हा त्या आकड्यावर पंखा रेंगाळणार नाही अशी रेघ आखायची.

तरी कुठून तरी आवाज येतच असेल तर वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी करा, एक टोक कानाला लावा आणि दुसरं टोक मशीनवर हळूहळू फिरवा. सप्लाय, पंखा, डिस्क, प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू येतो. मग तळहात कॅबिनेटवर दाबून बघा. दाबल्यावर आवाज थांबला तर तो कंपनाचा, आणि चार रबरी पायांनी किंवा एखादा स्क्रू आवळून तो जातो. मी हे आधी न करता एकदा तीन पंखे बदलले होते. आवाज मागच्या पत्र्याच्या सैल स्क्रूचा निघाला.

तुमची ४ टीबीची डिस्क हॉलमध्ये नको, हे ठाम. ५४०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला नव्वद वेळा फिरते, ७२०० ची एकशे वीस वेळा. ही थरथर प्लायवूडच्या युनिटला मिळाली की युनिट डग्ग्यासारखं घुमतं. मशीनमध्ये फक्त एसएसडी ठेवा, ५०० जीबीची पुरते. मोठी डिस्क राउटरजवळ, पॅसेजमध्ये किंवा आतल्या खोलीत, जुन्या लॅपटॉपला जोडून किंवा छोट्या नेटवर्क स्टोरेजमध्ये ठेवा आणि हॉलपर्यंत कॅट-६ ची नेटवर्क वायर ओढा. पूर्ण दर्जाच्या ४के ब्ल्यू-रे डिस्कवरचा व्हिडिओ सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. गिगाबिट वायरला तो किरकोळ आहे. बऱ्याच टीव्हींच्या मागचं नेटवर्कचं भोक मात्र १०० मेगाबिटचंच असतं, म्हणून फाइल थेट टीव्हीवर चालवणाऱ्यांचं चित्र अडखळतं. एक विनंती, डिस्क माळ्यावर टाकू नका. ती डोळ्याआड जाते खरी, पण तुमच्या घरी माळ्यावर थेट गच्चीचा स्लॅब आहे. मे महिन्यात घरातली सगळ्यात तापलेली जागा तीच.

विजेबद्दल. मेअखेरच्या वादळात लाइट जाते-येते, आणि येताना जो झटका बसतो तो मशीनला पंख्यापेक्षा जास्त त्रास देतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस घ्या, त्याचा भोंगा सेटिंगमधून बंद करता येतो का हे आधी विचारा, नाहीतर रात्री दोनला लाइट गेली की तोच सासऱ्यांना उठवेल. घरचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा नसेल तर मशीन त्यावर चालवू नका, काही सप्लाय त्यावर गुणगुणतात. स्पीकरमधून सतत हूं येत असेल तर मशीनच्या आधी अर्थिंग तपासा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, आणि त्यात दोन बादल्या पाणी ओतल्यावर आवाज गेल्याचं मी स्वतः ऐकलंय.

सॉफ्टवेअरमध्ये सिनेमे-गाणी लावून चालवणारं कोडी मला अजूनही सगळ्यात सोयीचं वाटतं. साठवलेल्या फाइलसाठीच मशीन हवं असेल तर विंडोजऐवजी लिब्रेईलेक हे कोडीपुरतं केलेलं लिनक्स टाका, चालू केल्यावर थेट कोडीच उघडतं. पण ओटीटीबद्दल तुम्हाला कुणी अंधारात ठेवू नये. लिनक्सवरच्या ब्राउझरला नक्कल रोखणाऱ्या सुरक्षेचा खालचा स्तर मिळतो, त्यामुळे तिथे ४के येत नाही, काही सेवा तर त्याहूनही खालच्या दर्जाचं चित्र देतात. विंडोजवर परिस्थिती बरी आहे, तरी प्रत्येक सेवेचे नियम वेगळे. टीव्हीत ॲप आहेतच, ओटीटी तिथेच बघा. कॉम्प्युटर वडिलांच्या संग्रहासाठी, घरच्या व्हिडिओंसाठी, यूट्यूबसाठी आणि मोठ्या पडद्यावर ब्राउझर उघडण्यासाठी.

कोडीत गेल्यावर पहिली सेटिंग बदला, पडद्याचा रिफ्रेश दर व्हिडिओप्रमाणे बदलू देण्याची. सिनेमे सेकंदाला २४ चित्रांचे असतात, आपले जुने दूरदर्शन काळातले ध्वनिचित्रमुद्रण २५ चं. पडदा ६० वरच अडकून राहिला तर कॅमेरा आडवा सरकतो तेव्हा चित्र बारीक हिसके देतं. लोक मशीनला दोष देतात, प्रोसेसर बदलतात, आणि उपाय या एका टिकमार्कमध्ये असतो. टीव्हीला जोडायची केबल एचडीएमआय २.० ला चालणारी हवी. घरात पडून असलेल्या जुन्या केबलवर ४के ६० ला चित्र मधेच काळं पडतं.

रिमोटसाठी टचपॅड असलेला छोटा वायरलेस कीबोर्ड पुरेसा आहे. त्याची डोंगल मशीनमागच्या निळ्या यूएसबी भोकात थेट लावू नका. यूएसबी ३ चा रेडिओ-गोंगाट वायरलेस कीबोर्डच्या २.४ गिगाहर्ट्झमध्येच पडतो, आणि सोफ्यावरून दाबलेली बटणं गळतात. फूटभराच्या एक्स्टेन्शन वायरवर डोंगल समोरच्या बाजूला आणा.

खरेदीची घाई करू नका. या आठवड्यात फक्त दोन कामं करा. सुताराला बोलावून मापं दाखवा, आणि एक दुसरी ४ टीबीची डिस्क आणून वडिलांच्या संग्रहाची पूर्ण प्रत काढा. जुनी डिस्क उघडायची, हलवायची, दुसऱ्या डब्यात घालायची, ते सगळं प्रत निघाल्यावर. प्रत काढून झाली की दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतोय का ते पाहा, मधलीच पाच-सहा ध्वनिमुद्रणं शेवटपर्यंत वाजवून बघा, आणि मग एक डिस्क दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा माहेरी, कपाटात ठेवून द्या.